दुसऱ्याच्या हातून आलेले उत्तर

प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासताना मला दरवर्षी एक चमत्कार दिसतो. साध्या लंबकाने गुरुत्वीय त्वरण काढले, की बहुतेकांचे उत्तर नेमके ९८१ येते. कोल्हापूरचे अक्षांश व उंची पाहता येथील मूल्य सेकंदवर्गास ९७८ सेंटिमीटरच्या आसपास आहे! एक मीटर लंबकाच्या ५० आंदोलनांत या दोन मूल्यांमुळे पडणारा फरक सेकंदाच्या सातव्या भागाएवढाच. हाताने घड्याळ दाबणाऱ्याला तो सापडत नाही. म्हणजे खरी उत्तरे ९७२, ९७६, ९८५ अशी विखुरलेली हवीत. पण पुस्तकातले उत्तर आधी ठरते आणि वाचने मागून लिहिली जातात.

मोठ्या प्रयोगशाळांनाही हा मोह होतो का? एक प्रसंग पाहू. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील यूटा विद्यापीठात फ्लाइशमन व पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी वार्ताहरांना सांगितले, की जड पाण्यात पॅलॅडियमचे ऋणाग्र ठेवून वीज सोडली असता साध्या तापमानाला अणुकेंद्रांचे संमीलन होते. सूर्याच्या गाभ्यातली क्रिया टेबलावरच्या काचपात्रात! जगभर पात्रे मांडली गेली. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही संचालक पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने अनेक गट कामाला लागले. जड पाणी व ट्रिटियम हाताळण्याचा त्यांचा सराव जुना होता.

त्यांना न्यूट्रॉन मिळाले, ट्रिटियमही मिळाले. मात्र हिशेब जुळेना. ड्यूटेरियमची केंद्रके जुळताना साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन व निम्म्या वेळा ट्रिटियम निर्माण होते. दोन्ही जवळपास सारखी हवीत. येथे ट्रिटियम न्यूट्रॉनांच्या सुमारे कोटीपट! तरीही हा न जुळणारा आकडा त्यांनी अहवालात जसाच्या तसा छापला. मला वाटते, त्या साऱ्या खटाटोपातली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

आता अर्थ दोन निघतात. एक तर काही नवीनच घडत होते, किंवा ट्रिटियम बाहेरून मिसळले होते. जड पाण्यात त्याचा अंश असू शकतो. निवाडा इतरांच्या हातूनच व्हायचा. काही ठिकाणी परिणाम दिसला, बहुतेक ठिकाणी नाही. एकाच प्रयोगशाळेत आज दिसे, उद्या नाही. नोव्हेंबर १९८९ मध्ये अमेरिकी शासनाच्या तज्ज्ञमंडळाने पुरावा अपुरा ठरवला. पुढे गूगलच्या साह्याने सुमारे ३० संशोधकांनी काही वर्षे खपून २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले, की असा परिणाम आढळला नाही. पॅलॅडियममध्ये हायड्रोजन ठासून भरणेच किती अवघड, हे मात्र त्यांना नीट कळले. थोडे संशोधक अजूनही या मागावर आहेत.

तुम्ही लंबकाची २०० आंदोलने मोजा. मग तो फरक अर्ध्या सेकंदाएवढा होतो. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत, मिलिमीटरपर्यंत मोजा. संपूर्ण कृती कागदावर लिहून शेजारच्या वर्गातील मित्राला द्या. तोंडी काही सांगू नका, आपले उत्तर तर नाहीच नाही. त्याचे वेगळे आले, तर दोन्ही वहीत शाईने लिहा.