छाटणीआधी एक, छाटणीनंतर एक

अगं, कॅमेरा घेऊन बागेत निघालीसच, तर आधी माळीदादांना विचार, आज काम कुठल्या वाफ्यात आहे? फुललेल्या गुलाबाचा फोटो सगळेच काढतात. छाटून बोडका झालेला गुलाब कुणी टिपत नाही, आणि माळ्याला उपयोग त्याचाच होतो.

आपल्या त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांचंच बघ ना. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर पक्का बसवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. त्यातून झाली ‘अंकुराची वाढ’. जेमतेम मिनिटभराची, पण ती पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, १९१३ चा. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकाच्या बागेत गेलीस की हेच कर. एक झाड धर, उभं राहायची फरशी ठरव, उंची आणि वेळ बदलू नकोस. वर्षभर त्याच झाडाकडे जा.

गुलाबाचं नीट ऐक. मुघलांच्या काळी नाशिकला गुलशनाबाद म्हणत, म्हणून इथं गुलाब हयगयीनं लावायचा नाही. पाऊस सरला, दसरा झाला, की छाटणी. द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी चालते तेव्हाच. कात्री धारदार हवी, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना स्पिरिटनं पुसायची. वाळलेल्या, आत वळलेल्या, काडीसारख्या बारीक फांद्या आधी काढ. मग बाहेर तोंड असलेला डोळा शोधून त्याच्या पाव इंच वर तिरका काप घे आणि लगेच बोर्डो पेस्ट लाव. कलमाच्या जोडाखालून खुंटाचा फुटवा आला तर मुळापाशी उपटून टाक. नुसता कापलास तर पुन्हा येतो आणि कलमाचा जोर खातो.

या सगळ्यात कॅमेरा कुठं? छाटणीआधी एक फोटो, छाटणीनंतर एक, आणि डोळे फुटले की आणखी एक. फूल यायला साधारण दीड महिना लागतो, थंडी कडक असेल तर जास्त. महापालिकेच्या पुष्पोत्सवाची तारीख कळली की तेवढे दिवस मागे मोजून काही झाडं छाटायची. गेल्या वर्षीचे फोटो जवळ असले, तर आपल्या बागेला नक्की किती दिवस लागतात हे पुस्तकात शोधावं लागत नाही.

पाकळ्यांवर दवासारखं दिसावं म्हणून पाणी शिंपडायची खोड लावून घेऊ नकोस. ओल्या पानांवर काळे ठिपके पडतात. चार फोटोंसाठी झाड आजारी पडतं. वाफ्यातही पाय नको. पायाखाली माती दबते, मुळांना हवा मिळत नाही. कडेला बस, फुलाच्या उंचीला ये, उन्हाच्या विरुद्ध बाजूची सावली फार काळी पडली तर त्या बाजूला पांढरा कागद धर. हिवाळ्यात पानांवर भुरी दिसली, तर ते पान दोन्ही बाजूंनी जवळून टिपून माळीदादांना दाखव.

रंग खरे हवे असतील तर श्रावणातल्या ढगाळ दिवशी जा, फ्लॅशशिवाय. एप्रिल-मेमध्ये बहावा फुलतो तो सकाळी सातच्या आसपास गाठ. नंतर पिवळा रंग उन्हात फिका पडतो. त्याच दिवसांत खाली पडलेला पालापाचोळा जाळू द्यायचा नाही, झाडांच्या बुडाशी पसरायचा. रोपं लावायची ती मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर, आणि आळ्यात पाणी तुंबलं तर लगेच चर काढून द्यायचा.

आणि झिनियाचं बी. वाळल्यावर सगळ्या रंगांचं बी सारखंच दिसतं. म्हणून चांगलं झाड फुललेलं असतानाच त्याला दोरा बांध, दोऱ्यासकट फोटो काढ. बोंडं पूर्ण वाळली की त्याच झाडाचं बी कागदी पाकिटात भर, वर रंग आणि तारीख लिही. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नकोस, ओल राहिली तर बुरशी येते.