मोटारीतला घुमारा आणि ओहमचा नियम

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या घरात बसून पाहा. खिडक्या बंद, बाहेर धो-धो पाऊस. तरी मोटारींच्या रांगेतली एखादी गाडी जवळ आली की खिडकीची काच थरथरू लागते. गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत, चाल कळत नाही. ऐकू येते ती नुसती ‘धम्-धम्’. गाडीत बसलेल्यांना तर पुरते गाणे ऐकू येत असते. मग शब्द वाटेत कुठे गळाले?

या प्रश्नाकडे आपण शेवटी येऊ. आधी गाडीची डिकी उघडू.

मावळातल्या माझ्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी विचारले, “सर, भावाच्या गाडीत कंपनीचाच स्टीरिओ ठेवून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि सब-वूफर बसवायचा आहे. मेकॅनिक म्हणतो, बॅटरीपासून डिकीपर्यंत करंगळीएवढी जाड तार टाकावी लागेल. घरातली साधी तार चालणार नाही का?” प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर चुकले तर गाडी पेटू शकते.

प्रथम हे पाहू, की वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे पुस्तकातला विवर्धक, लागतोच कशाला? इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट विभवांतर मिळते. कंपनीच्या स्टीरिओत स्पीकरच्या दोन्ही टोकांना एकेक विवर्धक जोडलेला असतो. एक टोक वर गेले की दुसरे खाली येते, त्यामुळे स्पीकरवर फार तर १४ व्होल्टचे शिखर गाठता येते. शिखर १४ असेल तर परिणामी मूल्य सुमारे १० व्होल्ट. स्पीकरचा रोध ४ ओहम धरा. शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध, म्हणजे १०० भागिले ४, म्हणजे २५ वॉट. प्रत्यक्षात थोडी घट होऊन १८ ते २० वॉट उरतात. खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ छापलेले असते ते आवाज फाटेपर्यंत चढवून काढलेले असते. त्याला मी तरी फारसे महत्त्व देत नाही.

सब-वूफरला ३०० वॉट द्यायचे तर? ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, त्याचे वर्गमूळ सुमारे ३५ व्होल्ट. बॅटरीतून एवढे विभवांतर थेट मिळत नाही, आणि एकदिश धारेवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीत ट्रान्झिस्टर बॅटरीची धारा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, मग ट्रान्सफॉर्मर विभवांतर वाढवतो आणि डायोड ती धारा पुन्हा एकदिश करतात. या सगळ्या खटाटोपाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ३०० वॉटसाठी बॅटरीकडून ४०० वॉट घ्यावे लागतात. ४०० भागिले १३.५ म्हणजे सुमारे ३० अँपिअर.

आता तारेकडे या. तांब्याची रोधकता १.७ गुणिले १० चा उणे ८ वा घात ओहम-मीटर. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर तार लागते असे समजू. घरातल्या २.५ चौरस मिलिमीटर तारेचा रोध ०.०३४ ओहम येतो. आकडा क्षुल्लक दिसतो. पण ३० अँपिअरने गुणा: १ व्होल्ट तारेतच संपला. आणि उष्णता? धारेचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ९०० गुणिले ०.०३४, म्हणजे ३० वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडचे छोटे सोल्डरिंगचे हत्यार २५ वॉटचे असते! अर्थात ही उष्णता पाच मीटरवर पसरते आणि गाणे काही सतत पूर्ण जोरात वाजत नाही. पण तार गालिच्याखाली दडलेली असते, तिची उष्णता बाहेर पडायला वाव नसतो. तीच तार १६ चौरस मिलिमीटरची घ्या. रोध ०.००५३ ओहम, घट ०.१६ व्होल्ट, उष्णता ५ वॉटपेक्षा कमी. मेकॅनिकची करंगळी ही अशी ओहमच्या नियमातून आलेली आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्तात मिळते. अ‍ॅल्युमिनियमची रोधकता २.८ गुणिले १० चा उणे ८ वा घात धरून तिचे गणित तुम्हीच करून पाहा.

पण खरा धोका वेगळाच आहे. इंजिन आणि आसने यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून ही तार आत येते. भोकाला रबरी कडे बसवले नसेल तर घाटातल्या हिसक्यांनी पत्र्याची धार तारेचे आवरण हळूहळू कापते. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. तांबे पत्र्याला टेकले की मध्ये अडवणारे काही उरत नाही. बॅटरीचा अंतर्गत रोध सुमारे ०.०१ ओहम आणि बारीक तारेच्या दीड मीटर तुकड्याचाही तितकाच. १२ भागिले ०.०२ म्हणजे ६०० अँपिअर! तेवढ्या तुकड्यात ३६०० वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे दोन-तीन विजेच्या शेगड्या एका दोरीएवढ्या तारेत. आवरण पेटायला काही क्षण पुरतात.

म्हणून फ्यूज लागतो. तो कुठे बसवायचा, यात बरेच जण चुकतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवर फ्यूज असतोच, तो पेटीसाठी. तारेसाठीचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणी वाली नसतो. फ्यूजचा आकडाही त्या तारेला सोसवेल असाच असावा. आपल्या उदाहरणात १६ चौरस मिलिमीटर तारेला ४० अँपिअरचा फ्यूज ठीक आहे.

कंपनीच्या स्टीरिओतून संदेश घेताना आणखी एक खोच आहे. प्रयोगशाळेत आपल्याला सवय असते, की दोन तारांपैकी काळी ती शून्य. इथे स्पीकरच्या दोन्ही तारांवर विवर्धक बसले आहेत. शून्य कोणतीच नाही. एक तार पत्र्याला जोडली की स्टीरिओचा विवर्धक जळण्याची भीती. दोन्ही तारा न तोडता त्यांच्यामधले विभवांतर घ्यायचे आणि ते कमी करून अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचे, एवढेच काम त्यासाठी मिळणारी छोटी डबी करते. अ‍ॅम्प्लिफायरची ऋण तार मात्र रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर घट्ट बसवा. तिथे ०.००३ ओहम रोध राहिला तरी ३० अँपिअरला ०.०९ व्होल्ट उपटतात, आणि इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी ‘कुँई’ गाण्यात मिसळते.

सब-वूफर मोठा का? एकाच तीव्रतेचा आवाज काढायचा तर शंकूला हलवावे लागणारे अंतर कंप्रतेच्या (वारंवारतेच्या) वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ४०० हर्ट्झला जेवढे हलायचे, ४० हर्ट्झला त्याच्या १०० पट. दारातल्या सहा इंची स्पीकरला ते झेपत नाही. बारा इंची शंकूचे क्षेत्रफळ चौपट असते, आणि तो पुढे-मागे जास्त जाऊ शकतो. बंद खोके हवे ते शंकूच्या पुढचा दाब आणि मागची पोकळी एकमेकांना मारू नयेत म्हणून.

आता एक मौज. कार्ल्याच्या चैत्यगृहाची लांबी सुमारे ३८ मीटर. अशा लांबीत ध्वनीची अर्धी लाट मावली की घुमारा येतो. ३४३ भागिले ७६ म्हणजे साडेचार हर्ट्झ. तो कानाला ऐकूच येत नाही. कार्ल्यात घुमतात ते त्याच्या वरचे अनेक स्वर. मोटार आतून अडीच मीटर, तिचा हिशेब ६९ हर्ट्झ. त्याखालच्या स्वरांची अर्धी लाटसुद्धा गाडीत मावत नाही. ५० हर्ट्झची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर आहे! मग लाट धावण्याऐवजी गाडीतल्या सगळ्या हवेचा दाब एकदम वर-खाली होतो, आणि धमक छातीत जाणवते.

आणि बाहेरच्या घरातले शब्द कुठे गेले, तेही कळते. शब्दांतली व्यंजने हजार हर्ट्झच्या वरची. काच, पत्रा, भिंत त्यांना बरेच अडवतात. खालचे स्वर त्या पातळ पत्र्यालाच हलवून बाहेर पडतात आणि लांब लाटेमुळे अडथळ्यांना वळसा घालतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल ठरवली आहे. पण हे डेसिबल कानाच्या संवेदनेप्रमाणे भारित असतात. ५० हर्ट्झच्या आवाजातून मोजयंत्र सुमारे ३० डेसिबल वजा करते. म्हणजे ७५ डेसिबलची धमक यंत्रावर ४५ दिसते. काच थरथरत असते आणि आकडा नियमात बसतो.

राहिली बॅटरी. लोणावळ्याच्या रांगेत इंजिन बंद करून गाणी लावली, सरासरी १० अँपिअर धारा गेली, तर ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून दोन तासांत २० गेले. स्टार्टरला एका दमात शंभराहून अधिक अँपिअर लागतात. किल्ली फिरवल्यावर नुसते ‘कट्-कट्’ ऐकू येते, गाणे बंद पडते, आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत सगळ्यांना पावसात उतरून धक्का मारावा लागतो.