गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प घरी जुळवायला किती खर्च येतो?

पैसे वाचवण्यासाठी व्हॉल्व्हचा ॲम्प घरी जुळवायला घेऊ नका. सरावापुरता तयार ट्रान्झिस्टर ॲम्प ८-१० हजार रुपयांत मिळतो. व्हॉल्व्हचं किट परदेशातून मागवून ते वाजतं करेपर्यंत आकडा ५० हजारांच्या पुढे जातो. ज्यांना व्हॉल्व्हचाच आवाज हवा आहे आणि तो स्वतःच्या हातांनी उभा करायचा आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब. सगळे दर अंदाजे आहेत, दुकानागणिक बदलतील.

पहिल्यांदा जुळवणारे बहुधा फेंडरच्या १९५०च्या दशकातल्या ‘चॅम्प’ची नक्कल असलेलं किट निवडतात, आणि ते योग्यच आहे. त्यात तीन व्हॉल्व्ह, सुमारे ५ वॅट आणि ८ इंची स्पीकर असतो. सुटे भाग कमी, त्यामुळे चुकण्याच्या जागाही कमी. पेटी आणि स्पीकर सोडून असं किट साधारण ३०० ते ४५० डॉलरला पडतं, म्हणजे २६ ते ४० हजार रुपये. ट्रान्सफॉर्मर जड असतात, म्हणून पाठवणावळ बोचते. शिवाय सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर पाठवणावळ धरून लागतं, तेव्हा त्याचा चालू दर ऑर्डरच्या आधी पाहून घ्या. स्पीकरला ३ हजारांपासून पुढे, आणि सुताराकडून पेटी करून घेतलीत तर आणखी ३-४ हजार.

ऑर्डर देताना एक गोष्ट विसरू नका. अमेरिकन किटमधला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्या २३० व्होल्टवर तो जळेल. २३० किंवा २४० व्होल्टचाच पाठवा, असं लेखी कळवा.

हत्यारांसाठी ३-४ हजार बाजूला ठेवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सगळं मिळतं. २५ वॅटचा साधा सोल्डरिंग आयर्न ३००-४०० रुपयांना येतो आणि तेवढ्यावर भागतं. कात्री मारायचीच असेल तर इथे मारा, मल्टिमीटरवर नको. कॅट-३, ६०० व्होल्टचा शिक्का असलेला मीटर घ्या, दीड-दोन हजार लागले तरी चालतील.

कारण या पेटीत ३०० व्होल्टच्या वर डीसी खेळतो. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये तो साठून राहू शकतो, आणि तेवढा धक्का जीव घ्यायला पुरेसा आहे. घरात आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची बाजू मेनपासून वेगळी असते, तिथे बसलेला धक्का आरसीसीबीला कळतच नाही. म्हणून आत हात घालण्याआधी प्रत्येक वेळी प्लग काढायचा, १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कपॅसिटरचं पॉझिटिव्ह टोक आणि चॅसी (ॲम्पचा धातूचा सांगाडा) यांच्यात दहा सेकंद लावायचा, आणि मग मीटरवर शून्याजवळचा आकडा डोळ्यांनी पाहायचा. हा रेझिस्टर काही रुपयांचा असतो. त्याच्याऐवजी स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणारे कारागीर दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका. चालू ॲम्पमध्ये मोजमाप करावंच लागलं तर एक हात पाठीमागे ठेवा, म्हणजे विजेला छातीतून जाणारी वाट मिळत नाही.

अर्थिंगची वायर चॅसीला तिच्या स्वतंत्र बोल्टने घट्ट बांधा आणि तिची लांबी इतर दोन वायरींपेक्षा जास्त ठेवा. केबल हिसकली गेली तर सर्वांत शेवटी तीच सुटली पाहिजे. जुन्या इमारतीत कधीकधी तीन पिनांचं सॉकेट असतं पण मागे अर्थिंगच नसतं. इलेक्ट्रिशियनला ४००-५०० रुपये देऊन ते आधी तपासून घ्या.

पहिली चाचणी सिरीज बोर्डवर करा, म्हणजे ॲम्पला जाणारी वीज आधी एका बल्बमधून जाते. होल्डर, सॉकेट आणि ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब, सगळं मिळून २०० रुपये. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. आधी व्हॉल्व्ह न बसवता चालू करा. बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. व्हॉल्व्ह बसवल्यावर मात्र स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याचा धोका असतो.

सोल्डरिंगचा हात बसला नसेल तर मी आधी एलएम३८६ चिपवरचा छोटा ॲम्प जुळवायला सांगेन. तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, अर्धा वॅटभर आवाज देतो, आणि स्पीकरसकट ६००-८०० रुपयांत होतो. चुकलं तर चिप जाईल, तुम्हाला काही होणार नाही. दोन-तीन जुळवून झाल्यावर व्हॉल्व्हकडे वळा.

आणि व्हॉल्व्हचा ॲम्प पहिल्यांदा चालू कराल तेव्हा घरात एकटे असू नका. जे सोबत असतील त्यांना मेन स्विच कुठे आहे हे आधीच दाखवून ठेवा.