बॅटरी बदलण्यापूर्वी

मोटारसायकलची बॅटरी वारंवार उतरू लागली की अनेकजण नवी बॅटरी विकत घेतात. परंतु दोष चार्जिंग यंत्रणेत असल्यास तीही उतरते व खर्च वाया जातो. म्हणून पुढील तपासणी आधी करावी.

बॅटरीची टोके स्वच्छ करून घट्ट आवळावीत. पूर्ण चार्ज झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब इंजिन बंद असता सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिनाची गती वाढविल्यावर तो साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्ट व्हावा. तो न वाढल्यास तारांच्या जोडण्या पाहाव्यात. त्या ठीक असल्यास, तीन तारांच्या स्टेटरची जोडणी सोडवून, इंजिन चालू ठेवून प्रत्येक दोन तारांमधील ए.सी. दाब मोजावा. मापे असमान आल्यास स्टेटर सदोष समजावा; ती समान व पुरेशी असल्यास दोष बहुधा रेग्युलेटर-रेक्टिफायरमध्ये असतो. दाब १५ व्होल्टपेक्षा अधिक होत असल्यास रेग्युलेटर त्वरित तपासून घ्यावा. अन्यथा बॅटरीतील पाणी आटून ती निकामी होते.