रीळ लावण्याआधी

मशीन पहिल्याच बटणाला चालू झालं, आणि मला वाटलं काम संपलं. तिथेच चुकलो.

हिंगोलीत पंचवीस वर्षं मी मोटार वाइंडिंगचं काम केलं. वसमत, कळमनुरी, सेनगावकडच्या किती पाण्याच्या मोटारी माझ्या टेबलावरून गेल्या, त्याची गणती नाही. त्यामुळे माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून काकांचा प्रोजेक्टर खाली काढला, तेव्हा मनात शंका आली नाही. काका अमेरिकेत असायचे. १९७६च्या चैत्रात गावी आले, तेव्हा सुपर ८चा कॅमेरा नि हा प्रोजेक्टर घेऊन आले होते. पुढे प्रोजेक्टर आणि एक रीळ आमच्याकडेच राहिलं. पन्नास फुटी रीळ, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. त्यात अंगणात वाळत घातलेली हळद आहे आणि पाठमोरी वाकून ती पसरणारी माझी आजी आहे. आजीचा घरात एकच फोटो, तोही लग्नाच्या घोळक्यातला, चेहरा अर्धा पदराआड. आजी हालताना-चालताना दिसते ती फक्त या रिळात.

विजेचं मी नीट केलं. पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल लिहिलेलं, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला. वायरीचं रबर बोटांत चुरा होत होतं, तेव्हा सगळी वायर बदलली. वितळून डांबरासारखा झालेला बेल्ट खरवडून काढला, नवा घातला. वरून दिसेल तिथे शिलाई मशीनचं तेल सोडलं. मोटर फिरली, दिवा लागला, भिंतीवर पांढरा चौकोन पडला. ऐंशी वर्षांच्या आईला खुर्चीवर बसवलं आणि आजीचं रीळ लावलं.

दोन मिनिटं सगळं छान चाललं. हळदीचा पिवळा रंग कालच्यासारखा ताजा होता. आजी कॅमेऱ्याकडे वळायला लागली आणि चित्र थांबलं. मधोमध एक तपकिरी ठिपका उठला, दुधावरच्या सायीसारखा फुगला आणि कडेपर्यंत पसरला. मी घाईने बंद केलं, पुन्हा चालू केलं, फिल्म हाताने ओढली. प्रत्येक खेपेला ती आणखी फाटली. आई म्हणाली, "अरे, सासूबाई वळायल्या होत्या की रे!"

त्यानंतर केलं ते सगळ्यात वाईट. चार चित्रं जळली होती आणि पुढच्या फिल्मच्या कडेची, दाते अडकायची भोकं फाटली होती. भोकं फाटलेली फिल्म आता कशी चालणार, असं म्हणून मी दीड हात तुकडा कात्रीने कापला, दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडली आणि तुकडा केरात टाकला. दीड हात म्हणजे सुपर ८ची एकशेसाठ-पासष्ट चित्रं, साधारण नऊ सेकंद.

कुणाच्या घरी असा प्रोजेक्टर असेल, तर आधी रीळ बाजूला ठेवा आणि मशीनच खोला.

फिल्म दिव्यासमोरून ज्या फटीतून जाते, तिला गेट म्हणतात. आमच्या गेटमध्ये जुन्या फिल्मवरची झिलई नि धूळ मिळून डिंकासारखा कडक थर बसला होता. मी तेल सगळीकडे घातलं, गेट मात्र उघडून पाहिलं नाही. फिल्म तिथेच अडकली. गेटला स्क्रू-ड्रायव्हर किंवा ब्लेड लावू नका. एक बारीक ओरखडा पुढच्या प्रत्येक रिळावर उभी रेघ पाडतो. उदबत्तीच्या काडीला सुती कापड गुंडाळा, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए म्हणून मिळतं ते अल्कोहोल लावा आणि धीराने पुसा. पेट्रोल, थिनर नको, रंग आणि प्लॅस्टिक खातं. फिल्म खाली ओढणारा छोटा पंजा, दातेरी चाकं, दाबपट्टी, सगळं असंच साफ करा. वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस आधी काढा, मग नवं लावा. तेल थेंबानेच, आणि ते फिल्मच्या वाटेवर कधीच नाही. दिवा हॅलोजनचा असेल तर काचेला उघडं बोट लावू नका.

मग घुंडी हाताने फिरवून पंजा मोकळा चालतो का पाहा. वीज लावायची ती सिरीज बोर्डातून, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडून. आधी प्रोजेक्टरचा दिवा काढून ठेवा. बोर्डावरचा बल्ब पूर्ण पेटला तर आत शॉर्ट आहे. अमेरिकन मशीनवाल्यांसाठी आणखी एक: ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, सायकल बदलत नाही. आपल्याकडे पन्नास सायकल, त्यामुळे अशी मोटर सहाव्या हिश्श्याने मंद फिरते. सेकंदाला अठराऐवजी पंधरा चित्रं जातात, आणि मोटर जास्त तापते. माझी दहा मिनिटांत हात लावू देत नव्हती. दोन रिळांच्या मध्ये तिला थंड होऊ द्या.

चाचणी नेहमी टाकाऊ फिल्मवर. जुन्या बाजारात परदेशी कार्टूनची रीळं मिळतात, त्यातलं एक घ्या. फक्त ते तुमच्याच मापाचं हवं. साध्या ८ मिलिमीटरची भोकं मोठी आणि दोन चित्रांच्या मधल्या रेघेशी असतात, सुपर ८ची बारीक आणि चित्राच्या मध्यावर. चुकीच्या मशीनमध्ये फिल्म फाटते.

आता रिळाकडे. डबा उघडून नाकाशी न्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचं ॲसिटेट प्लॅस्टिक सडायला लागलं आहे. ट्रायॲसिटेटची फिल्म १९४८च्या सुमारास आली आणि दहा वर्षांच्या आत तिच्या सडण्याची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे गेली ती भारत सरकारकडून, इथल्या उष्ण-दमट हवेत ठेवलेल्या रिळांबद्दल. आमचं रीळ पत्र्याखालच्या माळ्यावर चाळीसच्या वर उन्हाळे काढून होतं. वास नव्हता, पण फिल्म आटली होती, आणि ते मला तेव्हा मोजता येत नव्हतं. मोजायला सोपं आहे: टाकाऊ पण चांगल्या फिल्मची शंभर चित्रं आणि तुमच्या फिल्मची शंभर चित्रं शेजारी ठेवा. सुपर ८ची शंभर चित्रं सव्वा बेचाळीस सेंटिमीटरच्या थोडी वर भरतात. चार मिलिमीटरचा फरक म्हणजे एक टक्का आटली, आणि मग ती प्रोजेक्टरवर चढवायची नाही, मशीन कितीही लख्ख असो. ती स्कॅनच करून घ्यावी. दात्यांशिवाय फिल्म ओढणारे स्कॅनर आहेत, त्यांना भोकांची गरज लागत नाही. मुंबईला फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४पासून, पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून याच जतनाच्या कामात आहेत; शंका असेल तर अशा जाणकारांना विचारा.

एक भीती काढून टाकतो. घरगुती ८ आणि १६ मिलिमीटरच्या फिल्म जुन्या, पेट घेणाऱ्या नायट्रेटच्या नसतात, त्या करपतात पण भडकत नाहीत. मात्र आपल्याकडे टुरिंग टॉकीजच्या तंबूमागे पोरं ३५ मिलिमीटरचे तुकडे गोळा करायची, बिलोरी भिंगाने भिंतीवर चित्र पाडायची. तसले १९५०च्या आधीचे तुकडे एखाद्या डब्यात असतील, तर ते नायट्रेटचे असू शकतात. दिव्याजवळ, चुलीजवळ नेऊ नका.

आणि फाटलेलं, करपलेलं काहीच टाकू नका. कागदात गुंडाळा, वर लिहा, ठेवा. मला हे स्कॅन करणाऱ्याने सांगितलं. त्याने विचारलं, "मधला तुकडा कुठाय? भोकं फाटली तरी मला चालली असती." मी घरी येऊन केर टाकायची जागा बघून आलो. तुकडा टाकून तेव्हा सात महिने झाले होते.

स्कॅन आता आईच्या फोनवर आहे. आजी वाकलेली दिसते, हातातली हळद पसरते, खांदा वळतो. मग एक झटका बसतो, आणि पुढच्या चित्रात अंगणात कुणीच नाही, दारातून आत जाणाऱ्या लुगड्याचा काठ तेवढा दिसतो. आई तिथे दरवेळी थांबवते आणि म्हणते, "जरा मागं घे."