हातात कॅमेरा नसलेले दिवस

॥ श्री टाळकेश्वर प्रसन्न ॥

अंजनवेल,
कार्तिक शुद्ध पंचमी

चिरंजीव बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. परवा दापोलीहून परतताना दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर तुझ्या दुकानाच्या आळीत राहणारे एक गृहस्थ भेटले आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी चालल्या असता त्यांनी सहज म्हणून जी बातमी सांगितली, तिने माझी झोप पार उडवली आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तू निकॉनचा सारा सरंजाम एकदम विक्रीला काढला आहेस. दोन्ही बॉड्या, सगळ्या लेन्स, फ्लॅश, इतकेच नव्हे तर भावोजींची १०५ मिलिमीटरची लेन्ससुद्धा. आणि कमी पडणारी रक्कम उभी करण्यासाठी कलमांच्या बागेचे गहाणखत करून सोनीचा नवा संच घेण्याची तजवीज चालवली आहेस. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये हे कचेरीत जन्म काढलेल्या मला कोणी शिकवायला नको. परंतु त्या गृहस्थांनी १०५चा उल्लेख नावानिशी केला, आणि परक्या माणसाला ती लेन्स माहीत असण्याचे दुसरे कारण मला सुचत नाही.

पंचेचाळिशी गाठलेल्या आणि वीस-बावीस वर्षे लग्नमंडपात उभे राहून आपले नाव मिळवलेल्या माणसाने आपल्या धंद्याची हत्यारे बदलताना मामाची परवानगी मागावी, अशी माझी अपेक्षा नाही. पण तुळशीची लग्ने आठवड्यावर आली असता, म्हणजे ज्या हंगामाच्या मिळकतीवर तुझे वर्ष उभे राहते तो दाराशी येऊन ठेपला असता, सरावाची सगळी आयुधे एका दिवसात हातावेगळी करावीत आणि ज्यांची ओळखही झालेली नाही अशी हाती घ्यावीत, ही कुठली रीत? शिवाय बागेचे गहाण! गुहागरच्या कचेरीत असताना मी सातबाराच्या इतर हक्कांच्या रकान्यात कितीतरी बोजे चढताना पाहिले आहेत. चढण्यास एक अर्ज आणि एक सही पुरते, उतरवताना मात्र मुलांच्या वयात फरक पडलेला असतो. तुला राग यावा म्हणून हे लिहीत नाही. मला आला आहे, तो लपवता येत नाही म्हणून लिहीत आहे.

नव्या यंत्राचे गुण म्हाताऱ्याला उमगत नाहीत, असे मात्र मनात आणू नकोस. आरसा काढून टाकलेला कॅमेरा हलका असतो, चित्र घेण्यापूर्वीच ते उजळ येणार की काळवंडणार हे डोळ्यापुढे दाखवतो, मुंडावळ्यांच्या आड लपलेला नवरीचा डोळा आपण होऊन हुडकतो आणि ती चालू लागली तरी त्याला सोडत नाही, हे सगळे तूच मला दिवाळीच्या आधी ओटीवर बसून सांगितले होतेस. गुहागरच्या किनाऱ्यावर पहाटे कासवांची पिल्ले सोडताना, जिथे फ्लॅशला मुळीच मज्जाव, तिथे आवाज न करणारे शटर केवढे उपयोगी पडेल हेही मी जाणतो. पण २०२३च्या फेब्रुवारीत बागेश्री कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारे यंत्र बसवून तिला समुद्रात सोडले, तेव्हाचे तुझे चित्र माझ्या टेबलावर आहे, आणि ते जुन्याच कॅमेऱ्यातले आहे. ती पुढे श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात जाऊन पोचली. तिच्या पाऊलखुणा अजून ओल्या आहेत असे ते चित्र पाहताना वाटते. तेव्हा बटण कुठे आहे हे तू शोधत बसला नव्हतास म्हणून ते चित्र आले.

माझी चिंता नव्या यंत्राची नाही आणि जुन्याचीही नाही. जुने हातून गेलेले आणि नवे हाताला अजून न आलेले, अशा मधल्या दिवसांची ती चिंता आहे. निकॉनची लेन्स ज्या दिशेने फिरवून बसते तिच्या नेमक्या उलट दिशेने सोनीची बसते, हे कागदावर क्षुल्लक वाटते. पण भटजींनी 'सावधान' म्हटल्यावर अंतरपाट दूर होण्यास जो निमिष लागतो, त्यात वीस वर्षांची सवय असलेले मनगट पहिल्यांदा जुन्याच दिशेला वळणार. हळदीचा पिवळा आणि शालूचा हिरवा तुझ्या मनासारखा उतरावा म्हणून निकॉनच्या फाइलींवर तू वर्षानुवर्षे जे संस्कार बसवले आहेस, ते सोनीच्या फाइलींना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ज्या मुक्या शटरचे कौतुक, तेच कार्यालयातल्या एलईडी दिव्यांखाली चित्रावर पट्टे उमटवते, आणि ते कोणत्या दिव्याखाली उमटवते हे प्रत्येक कार्यालयात जाऊन स्वतःच पाहावे लागते. बॅटरीचे म्हणशील तर तुझ्या डी८५०ची एक बॅटरी ठरावीक मापाने १८४० चित्रे देते आणि तू ज्या ए७ फोरचे नाव घेत होतास त्याची त्याच मापाने, डोळा लावून पाहिल्यास, ५२०. आपल्याकडे वाडीतल्या लग्नात वीज गेली म्हणजे हा फरक कोणत्या जाहिरातीने भरून निघणार? यांपैकी एकही अडचण कायमची नाही. दोन महिन्यांच्या सरावाने सगळ्या सुटतील. ते दोन महिने मात्र कोणाच्या मुलीच्या लग्नातून कापून घेऊ नयेत, एवढेच माझे मागणे आहे.

भावोजींच्या लेन्सविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ती विकण्यास जे कारण तू मनाशी धरले असशील ते मुळात टिकत नाही. निकॉनने १९५९ साली पहिल्या एफ कॅमेऱ्याला लेन्स बसवण्याची जी बैठक दिली, तीच पुढे साठ वर्षे चालवली, म्हणून तर कुवेतला असणाऱ्या शेजाऱ्यांनी तुझ्या जन्मानंतर आणून दिलेली लेन्स आधी भावोजींच्या एफएमवर आणि पुढे तुझ्या डिजिटलवर काही खळखळ न करता बसली. सर्वांना हे भाग्य मिळाले नाही. कॅननने १९८७ साली ईओएस काढला तेव्हा जुनी एफडी बैठक सोडली, आणि ज्यांनी जन्मभर त्या लेन्स साठवल्या होत्या त्यांना नव्या बॉडीसाठी सारे पहिल्यापासून जमवावे लागले. आता आनंदाची गोष्ट अशी की निकॉनच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिलिमीटर आणि सोनीच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचे १८ मिलिमीटर. म्हणजे मध्ये २८.५ मिलिमीटर जाडीचे एक पोकळ कडे बसवले की भावोजींची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर जशीच्या तशी काम करते. आत एकही काच लागत नाही, म्हणून चित्राच्या गुणात काही उणे येत नाही. फोकस हाताने करावा लागेल. पण ती जन्मापासून हातानेच फोकस होणारी लेन्स आहे. उलट नव्या कॅमेऱ्याच्या खिडकीत चित्र मोठे करून पाहता येते, रेखीव कडांना रंग चढतो, त्यामुळे तुझ्या चाळिशीच्या डोळ्यांना ती पूर्वीपेक्षा सुलभच होईल. मग जी तुझ्याबरोबर नव्या घरी येऊ शकते तिला तू बाजारात का बसवावेस?

आणि त्या लेन्सने काय काय धरून ठेवले आहे ते तू विसरला नसशील. टाळकेश्वराच्या बाजूचे सडे, वीज कंपनीची धुराडी उभी राहण्यापूर्वीचे, आज पाहायचे तर भावोजींच्या त्या स्लाइडींतच पाहायचे. १९९३च्या डिसेंबरात करार झाला, १९९५ला रद्द झाला, पुन्हा झाला, १९९९ला वीज सुरू झाली, २००१ला बंद पडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिकडे अमेरिकेत मूळ कंपनीचेच दिवाळे निघाले. जे येणार म्हणून इतकी वर्षे ऐकत होतो ते येऊन गेलेही, आणि त्या सगळ्या काळात भावोजींच्या गळ्यात कॅमेरा होता म्हणून आपल्यापाशी आधीचे डोंगरही आहेत आणि नंतरचेही. तेव्हा त्यांनी सुद्धा चांगला कॅमेरा येईल म्हणून आहे तो विकला असता तर? मी पुन्हा तिथेच आलो, हे मला कळते आहे. पण या एका गोष्टीभोवतीच माझे मन फिरत आहे.

गहाणाला तू दादासाहेब फाळक्यांचा आधार देशील, हेही मला ठाऊक आहे. लहानपणी मीच तुला ती हकिकत सांगितली होती. त्यांनी विम्याची पॉलिसी तारण ठेवली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, १९१२ साली ते विलायतेस जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. हे सगळे खरे. परंतु तेही गोध्र्याला स्टुडिओ चालवलेले, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रणाची चाकरी केलेले कसलेले छायाचित्रकार असताना, परत आल्याबरोबर 'राजा हरिश्चंद्रा'ला हात घालून बसले नाहीत. कुंडीत वाटाणा पेरून, त्याला अंकुर फुटून वेल होईपर्यंत दररोज थोडे थोडे चित्रण करीत त्यांनी आधी यंत्र आपलेसे केले, आणि ते चित्र दाखवूनच पुढचे भांडवल मिळवले. त्या वाटाण्यावर त्यांनी महिन्याहून अधिक काळ घालवला, आणि त्यानंतर १९१३च्या मे महिन्यात गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात जे घडले ते घडले. दागिन्यांची गोष्ट लोक सांगतात, वाटाण्याची फारसे कोणी सांगत नाही; माझ्या मते त्या कथेत तीच मोठी आहे.

आता जे लिहितो ते तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस.

माझ्यापाशी तरुणपणी दुहेरी भिंगाचा यशिका होता, हे तू ऐकले असशील. एका रोलवर बारा चित्रे यायची, ऑर्वोचा रोल मुंबईहून कोणी आणला तर मिळायचा, आणि धुवायला चिपळुणास पाठवलेला रोल परत येईपर्यंत मी एस्टीच्या वाटेकडे डोळे लावून बसायचो. गोपाळगडाच्या बुरुजावरून दाभोळच्या खाडीत शिरणारी गलबते मी त्यात पुष्कळ टिपली. १९७६ साली तुझ्या आईचे लग्न ठरले. घरात काय होते आणि काय नव्हते हे तुला सांगायला नको. मी तो कॅमेरा फोर्टात बोरा बाजारात नेऊन विकला, आणि मंडपाचा खर्च निघाला. ते योग्यच झाले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा विकीन. दोन-एक वर्षांत पगार वाढला की दुसरा घेऊ, असे मनाशी ठरवले होते, आणि घेतलाही. परंतु त्याच मधल्या काळात तुझी आजी गेली.

तू तिला पाहिले नाहीस. तिचा फोटो आपल्या घरात एकच आहे, लग्नातल्या घोळक्यातला, आणि त्यातही ती ताट घेऊन पाठमोरी वळली आहे. तुझ्या आईने मला कितीदा तरी विचारले असेल, की दादा, तू गावभर फोटो काढत हिंडायचास, आईचा एकही कसा नाही? यशिका माझ्याकडे होता तोवर आई रोज समोर होती, म्हणून घाई नव्हती. ती आजारी पडली तेव्हा यशिका नव्हता. तुझ्या आईला मी 'रोल खराब झाले' असे सांगत आलो आहे. कॅमेरा तिच्या लग्नासाठी गेला हे तिला कळले तर तिला त्या लग्नाचेच दुःख होईल, आणि तिच्या संसाराइतकी चांगली गोष्ट आमच्या घरात दुसरी घडलेली नाही. आजीच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक व्रण होता. हल्ली तो डावीकडे होता की उजवीकडे, याचीही मला कधी कधी खात्री वाटत नाही.

म्हणून फेरीबोटीवर ती बातमी ऐकली तेव्हा मला बागेचे आधी सुचले नाही, पैशाचेही नाही. बाळ निदान काही महिने रिकाम्या हातांनी राहणार, हेच आधी मनात आले.

वर बरेच कठोर लिहिले गेले. आता ते खोडीत नाही, पण मनावर घेऊ नकोस. २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा दुकानातले सगळे अल्बम सोडून शेजारच्या म्हातारीला आधी माळ्यावर चढवणारा तू. तुला शहाणपण शिकवण्याचा अधिकार मला कितपत आहे याचा मी विचार केला पाहिजे. त्या पुरानंतर तुझे मन या कामातून थोडे उडाले आहे, हे मी ओळखले होते. नवा कॅमेरा हाती आला की पुन्हा पूर्वीसारखे पहाटे उठून किनाऱ्यावर जावेसे वाटेल, अशी तुझी आशा असेल, तर ती आशा मला मोडायची नाही. माणसाला उमेद कशानेही येवो, ती आली म्हणजे झाले.

तर माझे असे सांगणे आहे. पोस्टातील माझी ठेव या महिन्याअखेर मुदत पुरी करीत आहे. ती मी तुझ्या नावे करून देतो. तिच्यात एक बॉडी, एक लेन्स आणि ते कडे येईल. बागेला हात लावू नकोस. हा हंगाम निकॉनवरच काढ. नवा कॅमेरा जवळ ठेव, पण मंडपात पोटापाण्यासाठी नको, गुहागरच्या वाळूत, चिंचेखाली, मुलांच्या खेळात वापर, आणि शिमग्यानंतर तुझे मन सांगेल त्याप्रमाणे जुने ठेव वा विक. त्या वेळी मी एक शब्द बोलणार नाही. रक्कम परत करण्याची भाषा मात्र काढू नकोस; मला ती पोस्टात कुजवून कोणते गाव घ्यायचे आहे?

तुळशीचे लग्न झाले की एखाद्या रविवारी तुझ्या आईला घेऊन इकडे ये. दुपारी चारनंतर आपल्या पडवीत जो उजेड येतो तो तुला माहीत आहे. १०५ बरोबर आण. तिला समोरून बसव, चष्मा काढायला लाव, आणि ती 'माझे कसले फोटो काढतोस' म्हणाली तरी ऐकू नकोस. मग वाटल्यास माझाही एक काढ.

सूनबाईस व मुलांस आशीर्वाद. फणसपोळी आणि आमसुले बांधून ठेवली आहेत. शृंगारतळीला पोचलात की फोन कर, म्हणजे भात लावता येईल.

तुझा
मामा