दाढ काढण्याआधी हाडाचं विचारा

जव्हार-मोखाड्याहून दाताच्या इम्प्लांटसाठी (हाडात बसवायच्या स्क्रूसाठी) नाशिक गाठलं की पुष्कळदा ऐकावं लागतं, ‘हाड बारीक झालंय, आधी ते भरावं लागेल.’ घरून करून नेलेला हिशेब तिथेच कोलमडतो.

दात काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागच्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. दाढ काढतानाच त्या खड्ड्यात हाडाचे दाणे भरून घेतले, तर पुढचं मोठं काम टळतं किंवा निदान लहान होतं. म्हणून दाढ दुखून काढायची वेळ आली की त्याच दिवशी हा विषय काढा. वर्षभराने विचारलं तर तेच काम महागात पडतं.

खासगी दवाखान्यात एका दातासाठी साधारण असा खर्च येतो: जबड्याचा सीबीसीटी स्कॅन दीड ते तीन हजार, दाणे झाकणाऱ्या पडद्यासह हाड भरणं १२ ते ३० हजार, वर इम्प्लांट आणि कॅप मिळून २५ ते ४५ हजार. वरच्या मागच्या दाढांपाशी सायनस (हाडावरची पोकळी) उचलावा लागला, तर हाडाचाच खर्च २५ ते ५० हजारांवर जातो. दाणे छोट्या कुपीत येतात. कुपीवरचं कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत पाहा आणि तिचं स्टिकर आपल्या फाइलला लावून घ्या. काही दाणे गाईच्या हाडापासून बनवतात. ते चालत नसतील तर आधीच सांगा, कृत्रिमही मिळतात.

बिलात न दिसणारा खर्च वेगळाच. हाड धरायला चार ते सहा महिने, सायनस उचलला असेल तर नऊपर्यंत, मग इम्प्लांटनंतर आणखी तीन-चार. आठ-दहा खेपा सहज होतात. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये धरली, तर सोबतीच्या माणसासह दहा खेपांत ६,२४० रुपयांची रोजी बुडते, एसटीचं भाडं निराळं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाने टाके काढायची आणि तपासणीची तारीख आधी जुळवल्याशिवाय सुरुवातच करू नये.

तंबाखू, मशेरी, विडी चालू असेल किंवा साखर ताब्यात नसेल, तर भरलेलं हाड वाया जाण्याची भीती मोठी. आधी ते सावरा, पैसे नंतर घाला.

कर्ज काढून हे करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कवळी किंवा ब्रिजनेही नीट जेवता येतं. कमी हाडात बसणाऱ्या आखूड इम्प्लांटचंही विचारा. मुंबईत नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय इथे तपासणी स्वस्तात होते, मात्र साहित्याचे पैसे वेगळे पडतात का, ते आधी विचारा.

कुठेही गेलात तरी स्कॅनपासून कॅपपर्यंतचा एकूण आकडा लेखी घ्या. भरलेलं हाड धरलं नाही, तर पुन्हा करायचे पैसे कोण भरणार, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.